एका तासापुरता चाकू

माणूस पारखायची देवमन तायडेची रीत सोपी होती. समोरच्याच्या हातात आपला चाकू द्यायचा आणि तो कोणत्या अवस्थेत परत येतो ते पाहायचं. या परीक्षेत आजवर कोणी पास झालं नव्हतं. निवृत्त हेडक्लार्क नापास, सख्खा साळा नापास, कॉलनीतले दोन मास्तर आणि एक वकील नापास. इतका निकाल पाहून शहाण्या माणसाने परीक्षा घेणंच बंद केलं असतं, पण ते काही देवमनच्या डोक्यात शिरत नव्हतं. दर वेळी तो चाकू द्यायचा, दर वेळी चाकूची वाट लागायची आणि मग पुढचे सहा महिने तो ओट्यावर बसून अख्ख्या मनुष्यजातीचा उद्धार करायचा.

अमरावतीच्या बाहेर एका सरकारी रोपवाटिकेत चौतीस वर्षं संत्र्याची कलमं करून तो निवृत्त झाला होता. संत्र्याचं कलम म्हणजे फांदीला फांदी बांधणं नव्हे. जंबेरी लिंबाच्या रोपाला, ज्याला खुंट म्हणतात, सालीत उभा-आडवा छेद द्यायचा. चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला बारीक कोंब, सालीच्या कपच्यासकट उचलायचा आणि त्या छेदात सरकवून पट्टी बांधायची. याला डोळा भरणं म्हणतात. हात हलला, पातं अडखळलं, कपचा खडबडीत निघाला की आत हवा राहते आणि डोळा तिसऱ्या दिवशी काळा पडतो. देवमनचे डोळे काळे पडत नसत. साहेब लोक पाहुण्यांना घेऊन यायचे, तेव्हा आधी देवमनच्या वाफ्यावर आणायचे.

नोकरीत असतानापासून त्याच्याकडे स्वतःचे तीन चाकू होते. तिन्ही मिटणारे, खिशात मावणारे. एक धारणीच्या बाजारात घेतलेला, सागाच्या मुठीचा. दुसरा बाळापूरच्या लोहाराने बनवून दिलेला, पितळी कड्यांचा. तिसरा बुधाजीचा. बुधाजी हा रोपवाटिकेतला जुना माळी, देवमनला डोळा भरायला शिकवणारा. नोकरी सोडून जाताना त्याने आपला शिंगाच्या मुठीचा कलमचाकू देवमनच्या हातात ठेवला आणि पुढे चार महिन्यांत वारला. त्या चाकूच्या मुठीला मागच्या टोकाशी साल उकलायला हाडाची गुळगुळीत पट्टी होती, आणि पात्याला धार एकाच बाजूने. दुसरी बाजू सपाट. ती सपाट बाजू काडीवर टेकवून चाकू ओढला की दुधावरची साय उचलावी तसा डोळा उचलून येई.

रविवारी सकाळी देवमन ओट्यावर धारेचा दगड मांडून बसे. दगडावर पाणी, मग चामड्याचा पट्टा, आणि शेवटी परीक्षा. डाव्या हाताच्या मनगटावरून पातं फिरवायचं, केस भुरूभुरू खाली पडायचे. "या मानसाच्या डाव्या हातावर चाळीस वर्षांत केस पाह्यले नाई मी," असं त्याची बायको जाईबाई सांगायची. येणारा-जाणारा थांबला की देवमन पातं उन्हात धरून दाखवी, पुन्हा एकदा मनगट भादरी आणि बुधाजीची गोष्ट सुरू करी. सगळा घोळ इथेच होता. एवढं कौतुक करून घेतल्यावर समोरच्याने "देवमनभाऊ, एका तासासाठी द्या ना" म्हटलं, की नाही म्हणायला तोंड उरत नसे. पाच माणसांसमोर मिरवलेली वस्तू सहाव्या मिनिटाला खिशात कशी लपवणार. शिवाय मागणारा आधी म्हणायचा, "तुमच्यासारखा चाकू अख्ख्या अमरावतीत नाई," आणि हे वाक्य ऐकलं की देवमनचा हात आपोआप पुढे व्हायचा.

धारणीचा चाकू पंजाबरावांनी संपवला. पंजाबराव शेजारचे, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, बोलण्यात कायदा आणि वागण्यात फुकटेपणा. आंबे कापायला म्हणून चाकू नेला. आठ दिवसांनी देवमन स्वतः मागायला गेला तेव्हा चाकू खिडकीत पडला होता, टोक मोडलेलं, पात्यावर पांढरा ऑइलपेंट.

"रंगाच्या डब्याचं झाकन निंगत नव्हतं," पंजाबराव म्हणाले.

"चाकूनं झाकन काढलं तुमी?"

"मंग काय दातानं काढू? चाकूच त होता भाऊ. तुमी त असे करून राहिले जसं कोनाचं बोट मोडलं."

पंजाबरावांचं एखादं बोट मोडलं असतं तर देवमनला इतकं वाईट वाटलं नसतं, आणि हे त्याने घरी येऊन जाईबाईला दोनदा सांगितलं. चौतीस वर्षं फायली दाबून बसलेल्या माणसाला औजार काय कळणार. ज्याने आयुष्यात टाचणीपलीकडे लोखंड हाताळलं नाही, त्याला पातं म्हणजे झाकण काढायची पट्टीच वाटणार.

बाळापूरचा चाकू साळ्याने घालवला. शेखर, जाईबाईचा धाकटा भाऊ, राहायला अकोल्याला. मित्राच्या वावरात हुरड्याचा कार्यक्रम होता म्हणून चाकू घेऊन गेला. कणसं कापली, वांगी कापली, मग म्हणे दिव्यांची माळ लावायला वायर सोलली, आणि येताना चाकू तिथेच राहिला.

"सापडन ना भाऊजी," फोनवर तो म्हणाला. "वावरातच त हाये. तिथून जाते कुठं?"

"वावर केवढं हाये?"

"असन सोळा एकर."

देवमनने फोन ठेवला. सोळा एकरात चाकू पेरून आलेला हा माणूस बँकेत कर्जवसुलीला होता. त्यानंतर देवमनने कानाला खडा लावला. बुधाजीचा चाकू कोणालाही नाही. सख्ख्या भावाला नाही, मंत्री आला तरी नाही. हे त्याने चौकात, पानठेल्यावर, बुद्धविहाराच्या बैठकीनंतर, सगळीकडे सांगून ठेवलं. सांगता सांगता तो चाकू खिशातून काढून दाखवायचा, म्हणजे लोकांना कळावं की कोणता चाकू द्यायचा नाहीये.

डिसेंबरातल्या एका रविवारी ओमप्रकाश ओट्यापाशी थांबला. ओमप्रकाशचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. गडी गोड बोलणारा, निम्मं हिंदी, निम्मं वऱ्हाडी. त्याने चाकू पाहिला, मनगटावरचे केस पडताना पाहिले, बुधाजीची गोष्ट पूर्ण ऐकली. मधे एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. गोष्ट संपल्यावर हात जोडून म्हणाला, "क्या बात है देवमनभाऊ. ह्याले म्हनते हुनर. आजकाल असा मानूस राह्यला नाई."

देवमन म्हणाला, "अरे, त्यात काय."

"एका तासासाठी देता काय? पलीकडच्या लॉनवर लग्नाचा मंडप हाये. कापडाची किनार साफ कापाची हाये, आमचे चाकू फाडून टाकतात. आपल्या हातानं वापरतो, आपल्या हातानं आनून देतो."

जाईबाई दारातून ऐकत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि आत गेली, कारण पुढे काय होणार ते तिला दिसत होतं. देवमनने ओमप्रकाशला पंधरा मिनिटं शिकवणी दिली. दोरी कापायची नाही, नायलॉन तर मुळीच नाही. खिळा उपसायचा नाही. पाण्यात ठेवायचा नाही. मिटताना पातं झटकायचं नाही. ओमप्रकाशने प्रत्येक वाक्यावर मान हलवली. मान हलवायला कोणाचं काय जातं. तास गेला, दुपार गेली, दिवस गेला. देवमन रात्री जेवताना म्हणाला, "काम निंगालं असन त्याचं." जाईबाईने त्याच्या ताटात भाकर वाढली.

सोमवारी दुपारी रोपवाटिकेतून गोपालचा फोन आला. गोपाल म्हणजे देवमनच्या जागी आलेला माळी. तो म्हणाला, "काका, मागच्या वाफ्यावर बिल्डिंग बांधाची हाये. गुरुवारी मशीन येऊन राह्यली. तुमचं झाड जाते."

तुमचं झाड म्हणजे मागच्या कुंपणाशी असलेलं संत्र्याचं एक म्हातारं झाड. नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात, बुधाजी मागे उभा असताना, देवमनने आयुष्यातला पहिला डोळा भरला तो याचा. चाळीस वर्षं झाली. आजूबाजूची झाडं डिंक्या रोगाने बसली, कोळशीने काळी झाली, मुळापासून सुकली. हे एकटं उभं राहिलं आणि पातळ सालीची, दोरीने बांधल्यासारखी बारीक देठाची फळं देत राहिलं. त्याचे डोळे दुसरीकडे कुठे भरलेले नव्हते. सरकारी यादीत ते झाड नव्हतंच, आणि यादीत नसलेल्या झाडाची काडी कोणी नेत नसतं. आता गुरुवारनंतर ते कुठेच राहणार नव्हतं.

"बुधवारी येतो मी काड्या न्यायले," देवमन म्हणाला. "तवरीक कोनाले हात लावू देऊ नको."

काड्या भरायच्या कुठे हा प्रश्न नव्हता. त्याची मुलगी रश्मी बार्शीटाकळीला दिली होती. अकोल्याला कृषी पदविका केलेली, आणि घरामागे हिरव्या जाळीखाली पिशव्यांत जंबेरीची रोपं लावून कलमांचा छोटा धंदा करणारी. तिने आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं, "बाबा, खुंट पेन्सिलीएवढे झाले. साल सुटून राह्यली, डोळे भराचा टाइम झाला." देवमनला तिच्या धंद्याचं कौतुक होतं, पण ते जरा वरून पाहिलेलं कौतुक होतं. पोरीने रोपं वाढवावीत, पाणी घालावं, विकावीत. डोळा भरणं वेगळं. ती आठवीत असताना रविवारी दगडावर पाणी सोडायला समोर बसायची. एकदा म्हणाली होती, "बाबा, मले एकडाव तुमच्या चाकूनं डोळा भरू द्या ना." देवमन म्हणाला होता, "हात कापून घेशीन. हा काई खेळाचा चाकू नाई." त्याच आठवड्यात पंजाबरावांनी आंब्यांसाठी चाकू नेला होता. रश्मीने पुन्हा कधी मागितला नाही, आणि देवमनला ती गोष्ट मागण्यासारखी वाटलीही नव्हती.

फोन ठेवल्यावर त्याने तसाच लॉन गाठला. मंडप उभा होता, ओमप्रकाश नव्हता. त्याचा फोन लागत नव्हता. तिथल्या कामगाराने चाकूचं नाव काढताच, "ते सेठले मालूम," म्हणून हात झटकले. देवमन घरी आला, रात्रभर कुशी बदलत राहिला, आणि मंगळवारी दहा वाजता ओमप्रकाश स्वतःच हसत हसत ओट्यावर हजर झाला. हातात वर्तमानपत्राची पुडी.

"माफ करजा देवमनभाऊ, उशीर झाला. पन काम असं करून आनलं का तुमी खुश होऊन जासान."

देवमनने पुडी सोडली. चाकू चकाकत होता. पात्याच्या दोन्ही बाजूंनी. धारेच्या कडेला टोकापासून मुठीपर्यंत निळसर झाक आली होती, लोखंड तापल्यावर येते तशी.

"दोरी कापता कापता जरासा बोथट झाला होता," ओमप्रकाश सांगत होता. "आता दुसऱ्याची वस्तू हाये, बोथट कशी वापस द्याची? सायकलवाला धारवाला आला होता, त्याच्यापाशी नेला. तर काय सांगू, तुमच्या चाकूले धार एकाच बाजूनं होती. कोनं तरी काम अर्ध सोडून देल्लं होतं. मी त्याले म्हनलं, दोनी बाजूनं कर, पैशाची फिकर करू नको. उभा राहून करून घेतली."

देवमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार काय. समोरचा माणूस उपकार करून आल्याच्या थाटात उभा होता, चहाची वाट पाहत होता. चोराला शिवी देता येते, लबाडाला देता येते. स्वतःच्या खिशातून खर्च करून, उभं राहून, मन लावून तुमचा सत्यानाश करून आणणाऱ्या प्रामाणिक माणसाला कोणती शिवी द्यावी, हे देवमनला कोणी शिकवलं नव्हतं.

"दोरी कापली तुमी," तो एवढंच म्हणाला.

"थोडीशीच. नायलॉनची होती, बाकी कशानं कटतच नव्हती."

त्या दिवशी देवमन अंधार पडेपर्यंत दगडावर बसला. दुसऱ्या बाजूची धार मोडून ती सपाट करायची तर निम्मं पातं झिजवावं लागणार होतं, आणि चाकाच्या ठिणग्यांत पोलादाचं पाणीच उतरलेलं होतं. धार लागायची आणि दोन ओढीत पडायची. मनगटावरचे केस पडेनात, नुसते ओढले जायचे. जाईबाईने एकदा सुचवलं की बाजारात कृषी केंद्रात कलमचाकू मिळतो, सकाळी घेऊन जा. देवमनने तिच्याकडे असं पाहिलं की ती आत निघून गेली. प्लास्टिकच्या मुठीचा चाकू धरून बुधाजीच्या चेल्याने डोळा भरायचा, आणि तोही त्या झाडाचा. त्यापेक्षा ओमप्रकाशकडे मंडपाला नोकरी केलेली काय वाईट.

बुधवारी सकाळी त्याने रोपवाटिकेत जाऊन कात्रीने दहा काड्या काढल्या, गोल, हिरव्या, बोटाएवढ्या नव्हे तर पेन्सिलीएवढ्या. पानं छाटून देठ ठेवले. एकूण साठ-बासष्ट डोळे. ओल्या गोणपाटात गुंडाळून वर धोतराचा ओला फडका बांधला आणि अकोल्याची एसटी धरली. झाडाकडे पाठ वळवताना गोपालने विचारलं, "काका, फोटो काढू काय?" देवमन म्हणाला, "फोटोले काय संत्रे लागतेत?"

मूर्तिजापूरपर्यंत तो मनातल्या मनात लोकांना सोलत बसला. या जिल्ह्यात, या राज्यात, कोणाला दुसऱ्याच्या वस्तूची किंमत उरली नव्हती. पुस्तक दिलं तर पान दुमडतात. सायकल दिली तर चेन पाडून आणतात. छत्री तर दिली की समजा दान केली. आणि वर तोंड करून म्हणतात, तुम्ही फार मनाला लावून घेता. शेजारी एक शर्टपँटवाला बसला होता, मांडीवर पेरूंची पिशवी. त्याने पेरू हातात फिरवला, इकडेतिकडे पाहिलं.

"काका, चाकू हाये काय हो?"

देवमनचा हात खिशात गेला. चाकू बाहेर आला, उघडला, त्या माणसाच्या हातात गेला. त्या गृहस्थाने चार पेरू कापले, मीठ लावलं, एक फोड देवमनला दिली आणि पातं सीटच्या कव्हरला पुसून चाकू परत केला. देवमनने फोड खाल्ली. त्या माणसाला पुसायचं फडकं आणि सीटचं कव्हर यातला फरक कळत नाही, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

बार्शीटाकळीला तो पोचला तेव्हा तीन वाजले होते. रश्मीने पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली. देवमन म्हणाला, "चहा मंग. पह्यले डोळे." घरामागे जाळीखाली पिशव्या ओळीने लावलेल्या होत्या. रोपं खरोखर देखणी होती, सरळ, बुडाशी स्वच्छ केलेली. रश्मीने बसायला पोतं टाकलं, पट्ट्या कापून ठेवलेल्या होत्या त्या जवळ ठेवल्या आणि समोर बसली.

पहिला छेद देवमनने दिला तिथेच त्याला कळलं. पातं सालीत शिरायच्या ऐवजी साल दाबत होतं. काडीवर चाकू ठेवला तर दोन्ही बाजूंच्या उताराने तो आपोआप आत घुसायचा. पहिला डोळा लाकडाच्या जाड कपच्यासकट निघाला. दुसरा मधेच तुटला. तिसरा निघाला पण त्याची पाठ लाटांसारखी खालीवर. तो बसवून त्याने पट्टी बांधली, आणि बांधतानाच आत पोकळी राहिल्याचं बोटाला लागलं. चौथा, पाचवा, सहावा. पहिली काडी संपली, दुसरी संपली, तिसरीचे निम्मे डोळे गेले, आणि एकही असा बसला नाही की जो जगेल असं त्याने बुधाजीसमोर सांगितलं असतं.

"त्या ओमप्रकाशच्या," तो म्हणाला आणि थांबला, कारण मुलगी समोर होती. मग त्याने सगळी हकीकत सांगितली. नायलॉन, सायकलवाला, दोन्ही बाजूंची धार. सांगता सांगता पंजाबरावांचा रंगाचा डबा आला, शेखरमामाचं सोळा एकर वावर आलं. "दुनियाच तशी हाये," तो म्हणाला. "कोनाच्या हातात काई देण्याची सोय राह्यली नाई. सारे बेफिकीर. एकालेबी दुसऱ्याच्या चीजेची कदर नाई."

रश्मीने संपलेल्या काड्यांचे तुकडे वेचून बाजूला ठेवले, उरलेल्या मोजल्या आणि फडक्यात परत गुंडाळल्या. मग कमरेला खोचलेली एक कापडी पिशवी काढली. पिशवीतून जे निघालं त्याला देवमनने एरवी चाकू म्हटलं नसतं. लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा मोडका तुकडा, वीतभर, दगडावर घासून धार काढलेला, मुठीच्या जागी सायकलची ट्यूब गुंडाळलेली. धार एका बाजूने. दुसरी बाजू आरशासारखी सपाट.

तिने काडी उलटी धरली, पातं टेकवलं आणि ओढलं. डोळा निघाला. खाली लाकडाचा मागमूस नाही. खुंटावर उभा छेद, आडवा छेद, पात्याच्या टोकाने साल हलकेच उकलली, डोळा सरकवला, अंगठ्याने दाबला. पट्टी बांधून तिने पुढची पिशवी ओढली. देवमनने पट्टीवरून बोट फिरवून पाहिलं. पोकळी नव्हती.

दहा-बारा झाल्यावर त्याने विचारलं, "हे कधी शिकली तू?"

"तुमचं पाहून. दगडावर पानी सोडताना."

"अन् हे पातं?"

"कॉलेजात असताना बनवलं. आता चौथं हाये. पह्यलं झिजलं."

"किती भरते वर्षाचे?"

"दोन हजार. कधी अडीच."

चौतीस वर्षं साहेबांनी पाहुण्यांना दाखवलेला माणूस पोत्यावर बसून मुलीचा हात पाहत राहिला. तिच्या हाताला घाई नव्हती. पंचवीस झाले, तीस झाले. प्रत्येक डोळ्यानंतर ती पातं ओल्या फडक्याने पुसायची आणि मगच पुढचा छेद द्यायची. ऊन जाळीवरून सरकून भिंतीवर गेलं. शेवटची काडी उरली तेव्हा देवमनला राहवेना. हे झाड त्याने लावलं होतं. त्याच्या हाताचा पहिला डोळा म्हणजे ते झाड. आता ते उद्या पडणार, आणि त्याच्या पुढच्या पिढीत देवमन तायडेच्या हातचा एकही डोळा नसणार, हे त्याला फार लागलं. ओमप्रकाशने केलेल्या नासाडीपेक्षा जास्त लागलं.

"रश्मी," तो म्हणाला, "शेवटले दोन-तीन मले भरू दे. एक त भरू दे."

"भरा ना बाबा."

"याच्यानं नाई होत." त्याने बुधाजीचा चाकू मिटून खिशात टाकला आणि हात पुढे केला. "तुया दे जरा."

रश्मीने पातं फडक्याला पुसलं. दिलं नाही. ती बापाकडे पाहून राहिली, आणि तिच्या नजरेत राग नव्हता म्हणून देवमनला ते जास्त अवघड गेलं.

"नाई देत बाबा."

"काहून? मी तोडून टाकीन काय?"

"तुमी नाई तोडसान. पन तुमच्या हातात गेलं का ते तुमच्यापाशी राहत नाई. कोनी जराशी तारीफ केली का तुमी देऊन टाकता. पंजाबरावकाका आले, मामा आला, तो मंडपवाला आला. मले माहीत हाये ना." ती क्षणभर थांबली. "आज गाडीतबी कोनाले देल्ला असन. पात्याच्या बुडाशी पेरूचं बी चिकटलं होतं."

देवमनने हात मागे घेतला. त्याला बरंच काही बोलायचं होतं. एका मिनिटासाठी मागतोय, इथेच बसून वापरणार, समोर आहेस तू. पण हीच वाक्यं त्याने इतक्यांदा ऐकली होती की स्वतःच्या तोंडून काढायची त्याला लाज वाटली.

रश्मीने काडी उलटी धरली आणि पातं टेकवलं.

"मी भरते," ती म्हणाली. "तुमी पट्टी बांधा."

त्याने पट्टी घेतली. तिने डोळा बसवला, अंगठा तसाच दाबून धरला आणि त्याच्यासाठी पिशवी त्याच्या बाजूला थोडी वळवली. देवमनने खालून वर पट्टी गुंडाळायला सुरुवात केली. दोन फेरे झाल्यावर ती म्हणाली, "थोडी ढिली झाली," आणि त्याने मुकाट्याने सोडून पुन्हा बांधली.